आठव्या स्टॉपनंतर बाबांची गाडी

साकोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले, तेव्हा मला वाटायचं की या यंत्रातलं आपल्याला न कळणारं आता काही उरलं नाही. दिवसभर पोरापोरींना माउस कसा धरायचा ते शिकवायचं, चुकलं की डोळे वटारायचे. आणि घरी माझ्याच कॉम्प्युटरवर माझ्याच बाबांची बस रोज जंगलात बंद पडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बस खेळातली होती, हे आधी सांगते. पण बाबांना ती खेळातली वाटत नव्हती आणि सगळी अडचण तिथेच होती.

बाबा सव्वीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा त्यांच्या फेरीतली बरीच गावं पलीकडच्या जिल्ह्यात गेली. "रस्ता तर नाई ना नेला उचलून," म्हणाले आणि गाडी तशीच चालवत राहिले. एवढ्या वर्षांत एक कुत्रंसुद्धा गाडीखाली आलं नाही, हे ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मग एका वर्षीच्या तपासणीत त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण कडेचं दिसेनासं झालं होतं. स्टिअरिंग गेलं आणि डेपोत सुट्या भागांच्या खोलीत हलकं काम मिळालं. ज्या दिवशी गाडी हातून सुटली, त्या दिवशी ते आपलं सामान घरी घेऊन आले. पाण्याची बाटली, काच पुसायचं फडकं, जाड तळव्याच्या चपला आणि चार घड्या घातलेलं एक जुनं पोतं. सगळं दाराआड नीट ठेवलं आणि त्यानंतर घरात बोलणंच कमी केलं. दुपारी दोनला घरी यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. आईला त्याची भीती वाटायला लागली होती. मलाही वाटत होती, पण मी भीती वाटली की चिडते.

म्हणून मी तो खेळ आणला. परदेशातलं डोंगराळ गाव, तिथली बस, बारा स्टॉप. आमच्या कॉम्प्युटरवर तो आधी उघडेचना. मग बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन बसवलं आणि प्लास्टिकचं एक स्टिअरिंगही मिळवलं. बाबा दोन दिवस लांबूनच बघत होते. तिसऱ्या दिवशी चपला घालून खुर्चीवर बसले. अनवाणी गाडी चालवत नाहीत म्हणे.

पहिला आठवडा त्यांनी सगळं गाव डाव्या बाजूने चालवून काढलं. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हॉर्न.

"हे सारे रॉंग साइडनं काहून येऊन राहिले?"

"बाबा, तिकडे उजवीकडूनच चालतात."

"असं हाय का? मंग आधी सांगाचं ना, पोरी. मी केव्हाचा शिव्या देऊन राहिलो लोकाइले."

ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिले. स्क्रीन समोरच असते, कडेला बघावं लागत नाही. एवढ्या चौकोनात त्यांना सगळं दिसत होतं. जेवताना ते त्या गावातल्या लोकांबद्दल बोलायला लागले. चौथ्या स्टॉपवर कोणीच चढत नाही, सातव्यावर शीट, म्हणजे प्रवासी, चांगली मिळते, असं.

आणि मग गाडी बंद पडायला लागली. नेमकी आठव्या स्टॉपनंतर, जंगलातल्या चढावर. आधी स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या यायच्या, मग काळोख, मग कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू. मी क्लासवरून यायची तर बाबा पुन्हा भिंतीकडे बघत बसलेले असायचे.

"आजही शीट जंगलातच सोडून आलो," ते आईला म्हणाले. त्या दिवशी ताटात अर्धा भात तसाच राहिला.

मी पदर खोचला. खेळातलं चित्र जरा साधं केलं, झाडं कमी केली, पाऊस बंद केला. स्वतः खेळून बघितलं तर बारावा स्टॉप आरामात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांची गाडी आठव्यानंतर बंद. मी खेळ काढून पुन्हा टाकला. माझी गाडी पोहोचली, त्यांची नाही. मी कार्ड बाहेर काढलं, मऊ ब्रशने धूळ झटकली, सोनेरी कडा खोडरबराने घासली, पुन्हा बसवलं. माझी पोहोचली, त्यांची नाही. कार्तिक महिना होता, हवेत गारवा आला होता, त्यामुळे उकाड्यावरही ढकलता येईना.

बरं, बाबांसोबत बसून बघावं, तर गाडी बंद पडायला लागल्यापासून माझ्यासमोर ते खेळायचेच नाहीत. ड्रायव्हर माणसाची गाडी पोरीसमोर बंद पडेल याची त्यांना लाज वाटायची. रविवारी मी घरात असले की त्या खोलीत फिरकायचेसुद्धा नाहीत.

शेवटी कॉम्प्युटरचा डबा स्कूटीवर ठेवून दुरुस्तीवाल्याकडे नेला. बाबा मागे डबा धरून बसले. दुरुस्तीवाल्याने दोन तास खेळ चालवला. काही झालं नाही.

"मशीन एकदम ओके आहे, मॅडम," तो म्हणाला. "चालवणाराच काही गडबड करत असंल."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, हे मी बघितलं. त्या माणसाला काय माहीत होतं म्हणा. तरी अजून आठवलं की त्याच्या टेबलावरचे सगळे स्क्रू उधळून द्यावेसे वाटतात. घरी आल्यावर मी काय केलं, तर त्यांच्यावरच ओरडले.

"तुमी करता तरी काय नेमकं? कोणतं बटन दाबता? माझ्या हातानं तर चालते!"

बाबांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "डोये गेले, आता हातही गेले असतीन," म्हणाले. "काढून टाक तो खेळ."

मला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाने सव्वीस वर्षं हातांच्या जिवावर माणसं सुखरूप पोचवली, त्याला मीच सांगितलं की दोष हातांचा आहे. आई आतून नुसती बघत होती.

मी खेळ काढला नाही. त्याऐवजी कार्ड किती तापतं ते दर मिनिटाला लिहून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम टाकला आणि बाबांना हातापाया पडून सांगितलं, उद्या एकदाच चालवा, शेवटचं. ते "पाहू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासवरून आले तर गाडी नेहमीच्याच ठिकाणी बंद पडलेली. मी नोंद उघडली. माझ्या वेळी कार्ड सत्तरच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांच्या वेळी पंचाहत्तर, त्र्याऐंशी, नव्वद, अठ्ठ्याण्णव आणि पुढे नोंदच नव्हती.

म्हणजे कार्ड तापत होतं. बाबा खेळायला बसले की तापत होतं. का, ते मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

तोडगा आईने काढला. रविवारी जेवणं झाल्यावर ती कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी वेताचा मोडा घेऊन बसली, मांडीवर पर्स ठेवली आणि बाबांना हाक मारली.

"अवो डायवर! मले शेवटच्या स्टॉपवर उतराचं हाय. गाडी सोडता का उतरून जाऊ?"

बाबांनी तिच्या मांडीवरच्या पर्सकडे बघितलं. मग उठले. मी दाराशी उभी राहिले, मोबाईलमध्ये डोकं घातल्यासारखं करून. बाबांनी चपला घातल्या. फडक्याने स्क्रीन पुसली. खुर्ची पुढेमागे करून पायांचं अंतर बघितलं. आणि मग दाराआडून ती पोत्याची घडी काढली, आपल्या डाव्या पायाच्या आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या मधे खोचली आणि वरून हाताने थापटून बसवली.

मी ती घडी लहानपणापासून बघत आलेय. जुन्या गाड्यांत इंजिन आतच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वरून लोखंडी बोनेट. ते असं तापायचं की पाय पोळून निघायचा. म्हणून बोनेटवर, पायाच्या बाजूला, पोतं टाकायचं. सगळेच ड्रायव्हर टाकायचे. शाळेला सुटी असली की मी त्याच पोत्यावर बसून बाबांसोबत फेरीला जायची. ते पोतं मला दिसत होतं आणि दिसत नव्हतंही.

प्लगची वायर आखूड, म्हणून डबा टेबलाखाली मीच आडवा ठेवला होता, पाठ खुर्चीकडे करून. गरम हवा बाहेर फेकणारी जाळी बरोबर बाबांच्या पोटरीसमोर. मला ती हवा कधी लागलीच नाही, कारण मी खुर्चीवर मांडी घालून बसते. बाबा ड्रायव्हरसारखे पाय खाली सोडून बसतात. आणि खेळून झालं की घडी उचलून परत दाराआड ठेवतात, सामान जागच्या जागी. त्यामुळे मागे काही पुरावाच राहत नव्हता.

"बाबा, हे पोतं कायले लावलं?"

"पाय भाजते ना व! लय गरम हवा मारते तुया डब्बा. आठवडाभर सोसलं, मंग लावलं."

मी खाली बसून पोतं ओढून काढलं आणि तिथेच फरशीवर बसून हसायला लागले. हसता हसता रडू आलं. आई घाबरून उठली. बाबांना वाटलं, त्यांनी काहीतरी मोठं मोडलं.

"बोनेटवर पोतं टाकलं म्हणून इंजन नाई बंद पडत कधी," ते जरा रागानेच म्हणाले.

"हे बोनेट नाही, बाबा. आतली गरम हवा इथूनच बाहेर निघते. तुमी इथंच पोतं लावून देता. मग कार्ड तापते आणि बंद पडते."

बाबांनी वाकून जाळीवर तळहात धरला. इंजिनांत सगळा जन्म गेलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

"म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात चिंध्याइचा बोया कोंबला मी," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग माह्या हातात काई खराबी नाई?"

"नाही बाबा. काहीच नाही. मी उगाच बोलले तुम्हाला."

"हव," ते म्हणाले. एवढंच. पण त्यांचे खांदे खाली आले आणि माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

मी शेजारणीकडून लांब वायरचा बोर्ड आणला आणि डबा टेबलाच्या उजव्या टोकाला, जाळी भिंतीकडे पण भिंतीपासून हातभर लांब ठेवला. बाबा बसले. पण गाडी काही सोडेनात.

"काय झालं आता?" आईने विचारलं.

"डबल बेल दिल्याबिगर गाडी हालत नाई."

आईने स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. गाडी निघाली. आठवा स्टॉप आला, गेला. चढ लागला. मी दुसऱ्या खोलीत पळून जावं की थांबावं, मला कळेना. आईने पर्स घट्ट धरली होती. झाडं संपली, चढ संपला, खाली गावाचे दिवे दिसले. नववा, दहावा, अकरावा. बाराव्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि सगळी शीट उतरेपर्यंत वाट बघितली. मग आईकडे वळले.

"उतर. आलं तुवं गाव."

त्या रात्री ते दोनदा भात मागून जेवले.

दोन दिवसांनी त्यांना घ्यायला मी डेपोत गेले. सुट्या भागांच्या खोलीबाहेर दोन-तीन जुने ड्रायव्हर बसले होते आणि बाबा त्यांना सगळं रंगवून सांगत होते.

"गाडी गरम होऊन राहिली होती बाप्पा, म्हणून बंद पडे. डायवरची काई गलती नोती," ते म्हणाले आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

पोतं कोणी लावलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.