तासाआधी घेतलेलं नाव

शनिवार, सकाळचा तास. हजर: फादर, सिस्टर, एक तरुण वकील आणि मी. कॅथलिक विद्यापीठातल्या आमच्या एलएल.एम.च्या वर्गात शिकवणं सुरू होण्याआधी प्रत्येकाने प्रार्थनेसाठी कुणाचं तरी नाव घ्यायचं असतं. वकिलाने आजारी वडिलांचं घेतलं. शेजारच्या सिस्टरनी माझं घेतलं.

"अहो, मला काय धाड भरलीय?" मी कुजबुजले.

"काही नाही, ताई. दर शनिवारी एकट्याच डबा खाता, म्हणून."

कोर्टात, घरी, बँकेत माझं नाव दिवसभर पुकारलं जातं, ते कामासाठी. कामाशिवाय ते कुणी शेवटचं कधी घेतलं, आठवेना.

दुपारी डबा उघडला. सिस्टर व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. "या, जेवायला," एवढंच म्हणायचं होतं. ते अजून राहिलं आहे.