किट नसलेल्या टेस्टचा रिपोर्ट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. घरात कुणी दृष्ट काढून मिरच्या जाळल्या की मी आधी खिडकी उघडते, कारण मला ठसका लागतो. मलकापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

आमच्याकडे हार्मोन वगैरे तपासायचं एक मोठं मशीन आहे. त्याचं काम थोडक्यात असं — रक्तात जो पदार्थ शोधायचा, त्याला किटमधलं रसायन चिकटतं. मग मशीन बारीकसा करंट देतं आणि ते रसायन उजळतं. डोळ्यांना दिसणार नाही इतका मंद उजेड, पण मशीन तो मोजतं. पदार्थ जितका जास्त, तितका उजेड जास्त. म्हणजे किट नसेल तर उजेड नाही आणि रिपोर्टही नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझे सासरे, म्हणजे मामाजी, रोहिणखेडहून थायरॉइड तपासायला आले. सकाळी दहाला मी स्वतः रक्त घेतलं, ट्यूबला बारकोड लावला आणि मशीनला फक्त टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, सांगितली. अर्ध्या तासानं प्रिंटरमधून कागद आला. टीएसएच नॉर्मल. आणि खाली आणखी एक ओळ — ट्रोपोनिन, भरपूर वाढलेलं.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं. ती टेस्ट मी सांगितलीच नव्हती. सांगूनही झाली नसती, कारण तिचं किट आदल्या दिवशीच संपलं होतं. झाकण उघडून पाहिलं, तर किटची जागा रिकामी!

लॅबच्या सरांना कागद दाखवला. ते म्हणाले, मशीन बिघडलंय, फाडून टाका. माझ्या हट्टापायी शेजारच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तोही चांगला आला. टेस्ट परत करावी तर किट नाही. मामाजींनी शेतात कापूस वेचायला बाया लावल्या होत्या, त्यांना बाराच्या एसटीनं परतायचं होतं.

"मले काही झालं नाही पोरी," ते म्हणाले. "तुह्या मशीनलेच दवाखान्यात ने."

कालपासून काही दुखलं का, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. शेवटी नाइलाजानं बोलले, "जबडा ठणकून राह्यला कालपासून. दाढ असन."

"मामाजी, तुमाले दाढ आहे कुठं?"

चार वर्षांपासून कवळी वापरणारा माणूस! त्यांनी हात जबड्यावर नेला. हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात उतरतं, हे मला माहीत होतं. मी शेजाऱ्यांची गाडी बोलावली, उरलेलं रक्त बर्फात ठेवलं आणि सरांना न विचारताच जळगाव गाठलं. रस्ताभर मनात एकच, हे सगळं खोटं निघालं तर नोकरी जाईल आणि खरं निघालं तर... पुढचा विचार करवत नव्हता.

तिथल्या हार्ट हॉस्पिटलनं नवीन रक्त घेतलं. ट्रोपोनिन वाढलेलं. मी नेलेली ट्यूबही तपासायला लावली, तर आकडा माझ्या कागदावरच्या आकड्याला अगदी खेटून! मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. संध्याकाळच्या आत स्टेंट बसला. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, ईसीजी चांगला असताना पेशंटला इथवर कुणी आणलं? मी शाळेतल्यासारखा हात वर केला. एवढा अभिमान मला स्वतःचा कधीच वाटला नव्हता.

पुढे कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस मशीन खोलून बसला. त्या सकाळी ट्रोपोनिनची टेस्ट झाल्याची मेमरीत कसलीच नोंद नाही. जुन्या पेशंटचा आकडा छापला गेला असेल म्हणावं, तर तो आकडा कुणाच्याच नावावर नाही. माझा कागद उलटसुलट करून तो म्हणाला, मॅडम, हे होऊच शकत नाही. मलाही माहीत आहे, दादा. उजेडच नव्हता, तर मशीननं मोजलं काय?

तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर जरूर लिहा, मला तरी अजून सापडलेलं नाही. मामाजी मात्र आहेत. हे लिहिताना बाहेर ओट्यावर बसून कापसाच्या भावावरून शेजाऱ्यांशी इतक्या जोरात भांडतायत, की मला दोनदा दार लावून घ्यावं लागलं.