पाठीवरचं तळं

आमचा दादा पडदे रंगवतो. खिडकीचे नाही हो, फोटो स्टुडिओतले. माणूस फोटोला ताठ उभा राहतो आणि त्याच्या मागे डोंगर, बगीचे, राजवाड्याचे जिने दिसतात ना, ते पडदे. उभा जन्म त्याने हेच केलं. ढग असे काढायचा की स्टुडिओवाल्यांनी त्याचं नावच ‘ढगोबा’ ठेवलं, आणि स्वभावही नावाला अगदी साजेसा. पहिल्या दोन हाका वाऱ्यावर जातात, तिसऱ्या हाकेला ओ येते. जेवताना ताटात बघायचं सोडून भिंतीकडे बघतो, आणि भाजीत मीठ नव्हतं हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवतं. वहिनी होती तोवर तिने हे सगळं हसत सोसलं. ती गेल्यावर मी माझं शिवणयंत्र घेऊन इथे राहायला आले आणि सोसायचं काम माझ्याकडे आलं. मी सोसते, पण हसत वगैरे नाही.

पडद्याचं कापड मी शिवून देते. एवढ्या रुंदीचं कापड कुठे मिळत नाही, म्हणून पट्टे जोडावे लागतात, आणि जोड असा बसायला हवा की रंग चढल्यावर दिसता कामा नये. शिवण दिसली की आकाशाला भेग पडते, असं दादाचं म्हणणं. एरवी तोंडातून शब्द निघायची मारामार, पण शिवणीत खोट काढायची वेळ आली की याला बरोबर वाचा फुटते.

मागच्या अंगणात दोन खांबांना दोरी बांधून पडदा टांगायचा, तिथेच रंगवायचा नि वाळवायचा. दुपारी त्याच्या सावलीत चटई टाकून मी जराशी आडवी व्हायचे. ऊन पडद्यातून गाळून खाली यायचं. उलट्या बाजूनेही रंग अंधुक दिसायचे, आणि वाऱ्याने कापड फुगलं की आख्खा डोंगर माझ्या अंगावर ओणवा व्हायचा नि परत मागे जायचा. झोप लागता लागता मला कळेनासं व्हायचं की मी डोंगराच्या अलीकडे आहे की पलीकडे. पलीकडून दादाचा कुंचला कापडावर घासल्याचा आवाज यायचा, तो हळूहळू पाण्याचा वाटायला लागायचा. अशा झोपेतून उठलं की घटकाभर कोणावर चिडावंसं वाटायचं नाही.

पण यातलं काहीच राहायचं नाही, ही या धंद्यातली गंमत. स्टुडिओवाल्याला पडद्याचा कंटाळा आला की पडदा परत यायचा. मग पाणी गरम करायचं, अंगणात कापड पसरायचं, घासून घासून धुवायचं, आणि त्याच कापडावर दुसरं काहीतरी. एकाच कापडावर मी समुद्र पाहिलाय, बर्फ पाहिलाय आणि गुलाबाचा मांडवही पाहिलाय. धुताना दादाच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. उलट त्याला घाई असायची, कारण पुढचं चित्र डोक्यात येऊन बसलेलं असायचं. मीच बापडी हळहळायचे. ‘अरे, तो समुद्र काय झकास होता!’ म्हटलं की तो म्हणायचा, ‘कुठला समुद्र?’

पुढे स्टुडिओवाल्यांकडे कॉम्प्युटर आले. बटण दाबलं की मागे हवा तो डोंगर. पडद्यांची मागणी आटत गेली आणि गेल्या हिवाळ्यात तर एकही काम नव्हतं. दादा मात्र रोज सकाळी रंग कालवायला बसायचाच. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला द्यायचं नव्हतं, तरी तो एक पडदा रंगवत राहिला. पहाटेचं तळं. काठाला लव्हाळी, पाण्यावर धुकं, आणि उजाडलंय की नाही अशा बेताचा उजेड. संपूर्ण हिवाळा त्यात गेला. मी बाहेर जाताना त्या तळ्यावरून गेले की शाल अंगाभोवती ओढून घ्यायचे. मग स्वतःलाच म्हणायचे, बाई गं, कापड आहे ते, वेड लागलं का तुला?

वाचनालयाच्या सेक्रेटरीबाई माझ्याकडे ब्लाउज उसवून घ्यायला आल्या होत्या. अंगणात त्यांचा पाय थबकला तो थबकलाच. ब्लाउज राहिला हातात. म्हणाल्या, ‘हे आमच्या हॉलमध्ये लावू या. लोकांना बघू दे. आणि लोकांना आवडलं तर लांब भिंतीवर कायमचंच राहू दे.’ दादा नुसता मान हलवत उभा. त्या गेल्या, दुपार झाली, जेवण झालं, भांडी झाली, आणि मग हा दारात येऊन म्हणतो, ‘राहील म्हणतात.’

‘काय राहील?’

‘पडदा. कायमचा राहील म्हणतात.’

झोपेत बोलावं तसं बोलला. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा. कुठला समुद्र म्हणणाऱ्या या माणसाला आपलं काहीतरी राहावं असं इतकं वाटत असेल, हे एवढी वर्षं बरोबर राहून मला कळलं नव्हतं. मग काय, मी गल्लीभर डांगोरा पिटला. कपडे शिवायला आलेल्या प्रत्येकीला माप घेता घेता सांगितलं. ‘हात वर कर, आणि हो, आमचा पडदा आता हॉलमध्येच राहणार बरं का!’

प्रदर्शनाच्या दिवशी मी त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. तो दाराशी खांबाला टेकून उभा राहिला, जसा काही हॉल दुसऱ्याचा आणि तळंही दुसऱ्याचं. लोक आले. थांबले, बघितलं, ‘वा!’ म्हणाले. काही जण तर नुसतेच गप्प झाले, ते मला जास्त बरं वाटलं. आणि मग एकेक जण वळून तळ्याकडे पाठ करून उभा राहायला लागला.

त्यांचाही दोष नाही. स्टुडिओच्या पडद्यात मधली जागा मोकळी ठेवायची असते, तिथे माणूस यायचा असतो. दादाच्या हाताला दुसरं वळणच नाही. त्यामुळे ते मधलं शांत पाणी बघितलं की कोणालाही वाटावं, इथे आपणच उभं राहायला हवं. फोन निघाले. हॉल अरुंद, सगळं तळं फोटोत यावं म्हणून काढणारा सांगतो, ‘मागे हो, अजून मागे हो.’ उभा राहणारा मागे होत होत पडद्याला टेकतो.

आता यात घोळ असा. पावडरचा रंग कापडाला धरून राहतो तो त्यात घातलेल्या सरसामुळे. पण सरस जास्त झाला की दिव्याखाली पडदा चकाकतो आणि फोटो बिघडतो. म्हणून दादा सरस अगदी नावाला घालतो. स्टुडिओत ते चालतं, कारण मागे सावली पडू नये म्हणून फोटोवाला माणसाला पडद्यापासून चांगलं दूर उभं करतो. तिथे पडद्याला कोणाचा कधी हात लागत नाही. हॉलमध्ये लोक येतील, ते टेकतील, हे या ढगोबाच्या डोक्यातच आलं नाही. आणि माझ्यासुद्धा नाही, खोटं कशाला बोलू!

एक आजोबा बाहेर पडले, त्यांच्या काळ्या जाकिटावर खांद्याशी निळसर डाग दिसला. मला वाटलं, भिंतीचा चुना असेल. त्यांच्या मागून एक बाई गेली, तिच्या अंबाड्याला धुकं लागलेलं. एका छोट्या पोरीच्या फ्रॉकवर मागे हिरवी लव्हाळी. पायऱ्या उतरून लोक रस्त्यावर पांगत होते, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, गप्पा मारत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर थोडं थोडं तळं. त्यांना पत्ताच नाही. पलीकडच्या वळणावर एक निळी पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. आपण जागे आहोत का, म्हणून मी स्वतःला चिमटाही काढला. मग एकदम भानावर आले आणि आत धावले. ‘अहो, टेकू नका! अहो मावशी, पुढे व्हा!’

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. कपाट हलवल्यावर भिंतीवर जशी फिकट जागा उरते, तशी तळ्याच्या मधोमध उरली होती.

सेक्रेटरीबाई भल्या हो. म्हणाल्या, ‘एवढं काय त्यात? इथेच बसून परत रंग भरा, या वेळी पक्का. भिंत तुमचीच आहे.’ मग दादा रोज सकाळी कुंचले घेऊन हॉलमध्ये जायला लागला. संध्याकाळी घरी यायचा. मी कुंचल्यांना बोट लावून बघायचे, तर कोरडे ठक्क. एक दिवस, दोन दिवस, किती दिवस गप्प बसणार?

‘करतोस काय तिथे दिवसभर?’

‘बघतो.’

‘बघायला काय, लोक बघतायत की! तू रंगव.’

‘ते तळं आता मला ओळखच देत नाही गं,’ म्हणाला. ‘कुठला निळा घातला होता तेही आठवत नाही.’

घरीही रंगाला हात लावेना. अंगणातली दोरी रिकामी. दुपारी मी चटई टाकायचे, तर ऊन सरळ डोळ्यांवर. तळं सोडून पुढे काही त्याच्या डोक्यात येत नव्हतं, आणि तळंही हातात येत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर. मला भीती वाटायला लागली. पडदे गेले, वहिनी गेली, पण याचं रंगवणं कधी थांबलं नव्हतं. ते थांबलं तर हा माणूस नुसता बसून बसून विरून जाईल, असं मला खरंच वाटायचं.

अशात एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई दारात. हातात पांढरा कोट, आणि कोटाच्या पाठीवर निळा पट्टा.

‘पडदेवाले इथेच राहतात ना?’ आवाज असा की मी कंबर कसूनच पुढे गेले. म्हटलं, कोणी टेकायला सांगितलं होतं तुम्हाला?

‘दवाखान्यातून उभ्या उभ्या हॉलमध्ये गेले आणि तशीच परत कामाला लागले,’ त्या म्हणाल्या. ‘दिवसभर पेशंट माझ्या पाठीकडे बघून हसतायत. तोंड उघडा म्हणायची वेळच आली नाही! नंतर कोट काढला आणि तसाच कपाटात टांगून विसरले. आता साबण लावून डाग पक्का केला तर काय घ्या, म्हणून आधी विचारायला आले.’

मी भांडायच्या बेतात होते, पण मलाच हसू फुटलं. दादा मात्र उठला, त्यांच्या हातातून कोट घेतला आणि मोरीत गेला. साबण घेतला नाही. नळ सोडला, पाठीचा भाग धारेखाली धरला आणि अंगठ्याने हळूच चोळला. निळं पाणी वाहिलं, मग फिकट निळं, मग नुसतं पाणी. कोट स्वच्छ.

‘एवढंच?’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘एवढंच,’ दादा म्हणाला. त्या गेल्या तरी तो मोरीपाशी उभा. मग हसला. कितीतरी दिवसांनी हसला. ‘किती सहज गेलं गं,’ म्हणाला.

चप्पल घातली आणि गेला तो हॉलमध्ये. परत आला तेव्हा खांद्यावर गुंडाळलेला पडदा. सेक्रेटरीबाईंना हात जोडून सांगून आला, भिंत दुसऱ्या कोणाला तरी द्या. आल्या आल्या पाणी तापत ठेवलं आणि अंगणात कापड पसरायला लागला.

माझं टाळकंच फिरलं. ‘अरे, कायमचं राहत होतं! आयुष्यात एकदा! गल्लीभर सांगून बसलेय मी. कोणाला काय तोंड दाखवू?’

‘पक्का रंग भरला असता तर ते राहिलं असतं,’ तो म्हणाला, ‘आणि मीही तिथेच राहिलो असतो, रोज जाऊन बघत. इतके दिवस काय केलं मी? बघत बसलो. कधी बसायचो का असा? कापड वाळलं की नवीन धरतो.’

‘धर, धर. मी हात लावणार नाही. ओलं कापड पिळायला कोणाला बोलवायचं त्याला बोलव.’

त्याने गरम पाणी ओतलं. लव्हाळी सुटली, धुकं सुटलं, वाफेत सगळं एक झालं. मी हाताची घडी घालून दारात उभी होते. राग येत होता म्हणून उभी होते असं मला वाटत होतं, पण डोळ्यांतून धारा लागल्यावर मला माझंच कळलं.

‘तू माझ्यापेक्षा मोठा आहेस,’ मी म्हटलं. ‘आधी तू जाशील. मग मी कुठे जाऊ? त्या भिंतीसमोर एक बाक आहे, बघितलास? मी ठरवून टाकलं होतं. दुपारचं शिवण आवरायचं आणि तिथे जाऊन बसायचं, तुझ्या तळ्यापाशी. तेवढं तरी मला राहिलं असतं ना रे!’

दादा घासायचा थांबला. या वेळी तिसरी हाक लागली नाही. ओल्या हातांनीच घरात गेला, माझ्या यंत्रापुढचं स्टूल उचलून आणलं आणि पसरलेल्या कापडापाशी ठेवलं.

‘मग आत्ता बस की,’ म्हणाला. ‘आहे ना मी.’

मी बसले. तो दुसऱ्या टोकाकडून बादल्या ओतत होता, आणि निळं पाणी माझ्या पायांवरून मोरीकडे चाललं होतं. गरम होतं. मी पाय उचलले नाहीत.