पेटवलीच नव्हती ती चूल

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. फुलचूरला राहते, गोंदियात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नळीत दिसलं तर खरं, नाहीतर गप्पा... या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही.

गोष्ट २००८ च्या हिवाळ्यातली. माझं माहेर देवरी तालुक्यात, चिचगडला. धाकटी बहीण रेखा पहिल्या बाळंतपणासाठी तिथे आली होती. आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात एक मातीची चूल आहे – स्वयंपाकाची नाही, शेकाची. लेक माहेरी आली की आई त्या चुलीत विस्तव ठेवते, आणि लेक बाळ घेऊन सासरी पोचेपर्यंत तो विझू देत नाही. रात्री राखेत दाबायचा, सकाळी उकरायचा.

त्या वर्षी आईच्या डोक्यात टाइल्स शिरल्या. शेजारणीचा चकाचक ओटा पाहिला आणि झालं... माती उडते, बाळाच्या नाकात जाईल, म्हणून चुलीलाच टाइल्स हव्यात. मी फोनवर म्हटलं, आधी बाळंतपण होऊ दे. पण ऐकेल ती आमची आई कसली.

मिस्त्री आला आणि त्याच दिवशी रेखाला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आत. सगळे देवरीच्या दवाखान्यात धावले. मिस्त्रीने एकट्याने काम उरकलं – तळाला लाल फरशी, काठाला पांढऱ्या टाइल्स – आणि सिमेंट पक्कं होईपर्यंत जाळ करू नका, असा शेजारी निरोप ठेवून गेला.

मुलगी झाली. इवलीशी. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, ऊब द्या, छातीशी धरा, पण खोलीत धूर नको. म्हणजे शेगडीही बंद. मी सुट्टी टाकून चिचगडला गेले. तिथली थंडी विचारू नका, आणि लाइटचा भरवसा नाही. रेखा पोरीला छातीशी घेऊन बसून राहायची, तरी बाळाचे हातपाय गार ते गारच. दूध ओढायचीही ताकद नव्हती. ही पोर हातची जाते की काय, ही भीती सगळ्यांच्या मनात होती.

एका दुपारी रेखा म्हणाली, ताई, चुलीपाशी जमीन गरम लागते. मी हात लावला. लाल फरशी खरंच कोमट होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

तिकडे ऊन येत नाही. वायर नाही. सिमेंट घट्ट होतानाची गरमी म्हणावी तर ती केव्हाच निघून जायला हवी. आईला विचारलं तर ती घुटमळली.

"विस्तव राखेत दाबून ठेवला होता म्या. घाईत मिस्त्रीले सांगाचं राहून गेलं. त्यानं त्याच्यावरच फरशी बसवली वाटते."

"आई, सिमेंटखाली हवा नाही. विस्तव लगेच विझतो."

"मंग मले काऊन विचारतेस? शिकली तर तू हायेस."

आम्ही रेखाचं अंथरूण चुलीला लागून घातलं. हळूहळू पोर दूध प्यायला लागली, रडायला लागली. हातपाय मात्र गारच राहायचे. मी कामावर परतले, पण सुट्टीला जायची तेव्हा आधी फरशीला हात लावायची. तेवढीच ऊब. महिना उलटून गेला तरी तेवढीच. मिस्त्रीला बोलावून दाखवलं. त्याने हात लावला, आपलं काम सगळीकडून पाहिलं आणि चहा न पिताच गेला.

मग रेखाचा नवरा न्यायला आला. आम्ही त्यांना देवरीहून बसमध्ये बसवून परतलो. आई तडक त्या खोलीत गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली. फरशी थंडगार पडली होती.

"लेक घरी पोचली नाही आन् विस्तव गेला," म्हणून ती मटकन खाली बसली. मी तिला समजावत होते, पण समजावता समजावताच रेखाला फोन लावला.

रेखा बसमध्येच होती. म्हणाली, "ताई, पोरीचे हातपाय गरम लागून राहिले. पहिल्यांदाच. ताप नाही... मस्त झोपली आहे."

आईला सांगितलं, तशी ती रडायला लागली. मीही रडले. पुढे लॅबमधल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते हसले. फरशी उकरून खाली काय आहे ते पाहता आलं असतं. आई नको म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही तपासायचा आग्रह धरला नाही.