निळ्या पडद्यावरचा पिवळा ठिपका

माझी नणंद गोव्याकडे समुद्राच्या संशोधनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. त्यांचं एक यंत्र माणसाशिवाय समुद्रात फिरतं. आपोआप बुडी मारतं, वर येतं आणि पाण्याची माहिती पाठवतं. ती माहिती साध्या लोकांना कळावी म्हणून मोबाइलवर हलत्या चित्रांची गोष्ट बनवायची, हे तिचं काम. आज मला हे नीट सांगता येतं. तेव्हा येत नव्हतं.

तिनं लिंक पाठवली आणि फोनवर म्हणाली, "वहिनी, आईला दाखवा. तिला कळलं तर कुणालाही कळेल."

महाळुंग्याच्या आमच्या घरी सासूबाई ओसरीत घेवडा निवडत होत्या. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. बोटानं चित्र वर सरकवलं की समुद्र खोल होत जायचा. आधी फिका निळा, मग गडद, मग जवळजवळ काळा. त्यात एक पिवळा ठिपका करवतीच्या दात्यांसारखी रेघ ओढत खाली-वर जायचा. ठिपक्यावर बोट टेकवलं की पाटी उघडायची, 'आपण इथे आहोत.'

सासूबाईंनी ती मोठ्यानं वाचली आणि शेंगा बाजूला ठेवल्या.

"एवढ्या खोल कशाला जाती ही?"

"ती नाही हो आई, यंत्र जातं."

"मग हे 'आपण' कोन?"

मी पाटी पुन्हा वाचली. यंत्रामागून हिची बोट जात असेल का? ही किनाऱ्यावर बसत असेल का? विचारायची मला लाज वाटली. एवढं सोपं करून पाठवलंय आणि आपल्यालाच कळत नाही, असं कसं सांगायचं? "असेल तिथंच कुठंतरी," एवढं म्हणून मी धार काढायला गेले.

मग रोज सकाळी डेअरीत दूध घालून आले की सासूबाई विचारायच्या, "कुठवर गेली?" यंत्र जाईल तसा ठिपकाही रोज पुढं सरकायचा, तो मी दाखवायची. तो किनाऱ्याजवळ असला की त्या खूश, लांब गेला की चहासुद्धा अर्धा राहायचा. हळूहळू मीही ठिपक्याला 'ती' म्हणायला लागले.

एके दिवशी ठिपका हललाच नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच. फोन लावला, तो बंद. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी शंभरदा ते पान उघडलं, बंद केलं. ती पाण्यात नाही हे मला माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा फोन लावत होते.

दुपारी तिचाच फोन आला. "फोनचं चार्जिंग संपलं होतं वहिनी. यंत्र मच्छीमारांच्या जाळ्यात अडकलंय, त्याचीच धावपळ चाललीय."

"तू कुठं आहेस?"

"मी? कँटीनमध्ये. जेवतेय."

मी सासूबाईंकडे फोन दिला. त्या रडायलाच लागल्या. नणंदेला आधी हसू आलं, मग मी तिला ठिपक्याची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून म्हणाली, "आपण म्हणजे बघणारा माणूस, जणू यंत्राबरोबरच फिरतोय, असं मला म्हणायचं होतं." तिनं पाटी बदलली. आता तिथं येतं, 'यंत्र इथे आहे.'

ठिपका पुन्हा चालू झाला, पण सासूबाईंनी मोबाइल मागणंच सोडलं. "यंत्राचं मला काय करायचंय?" म्हणाल्या. चुकीचं कळत होतं तेव्हा त्या समुद्राकडे रोज बघत होत्या, आणि बरोबर कळलं तर बघेनाशा झाल्या. यात नणंदेचं काम जमलं की फसलं, ते मला ठरवता येईना. तिलाही येत नव्हतं.

दिवाळीला ती घरी आली. आईजवळ बसून तिनं यंत्राचा फोटो दाखवला, सिलिंडरला पंख लावल्यासारखं काहीतरी. तापलेलं पाणी कुठलं, गार कुठलं, सगळं सांगितलं. सासूबाई मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ते असू दे. तू कुठं बसती ते दाव."

तिनं मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, पाण्याची बाटली.

सासूबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "खिडकी नाय व्हय गं तिथं?" त्यांनी विचारलं.