तांबडा-पांढऱ्याचे मॅनेजर

मॅनेजर घरातून कुठंही निघाले, अगदी दाढी करायला जरी, तरी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात लांब दांड्याची पळी असायची. खिसा लहान आणि पळी मोठी, त्यामुळे दांडा गळ्यापर्यंत वर आलेला दिसे. नवीन माणसाला वाटायचं, यांच्या मानेचं काहीतरी दुखणं आहे आणि डॉक्टरांनी आधार दिलाय. पाव्हणे हळूच विचारायचे, "कधीपासनं त्रास हाय?" मॅनेजर म्हणायचे, "लग्नापासनं." आणि कोटाची बटणं लावायला जायचे. ती लागायची नाहीत. कोट लग्नातलाच होता.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या कँटीनचे ते मॅनेजर. नोकरी संपली तेव्हा कंपनीनं शाल दिली आणि यांनी पळी मागून घेतली. नाव मात्र मॅनेजरच राहिलं. गल्ली म्हणायची, पेपरवाला म्हणायचा, आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, त्याही "मॅनेजर, आटपा आता" अशाच हाक मारायच्या. माझं घर समोरच. मी घरी ब्लाऊज शिवते.

घरी बसल्यावर मॅनेजर टीव्हीवर बाहेरच्या देशातल्या कुस्त्या बघायला लागले. दोघांची जोडी विरुद्ध दोघांची जोडी. एकानं दोरीच्या आत लढायचं, दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. आतला दमला की त्यानं बाहेरच्याच्या हातावर हात मारायचा, मग बाहेरचा आत. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मॅनेजर खुर्चीतून उठून उभे राहिले, असं काकू सांगतात. "अगं, ही तर पाळी हाय! पहिल्या पाळीचा सुटला की दुसऱ्या पाळीचा आत. मी जन्मभर ह्येच केलं की!"

दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या तालमीत गेले आणि दोन पैलवान घेऊन आले. दोघांचंही लढायचं वय सरलेलं. एक टेम्पो चालवायचा, बुटका, तापट, बोलताना हातवारे करणारा. दुसरा घरोघरी दूध घालायचा, दारातून वाकून यायचा आणि 'व्हय' म्हणायलासुद्धा वेळ घ्यायचा. मॅनेजरांनी पहिल्याचं नाव ठेवलं तांबडा, दुसऱ्याचं पांढरा. कोल्हापुरी मटणाच्या दोन रश्शांवरून. काकू म्हणाल्या, "ह्यातलं तुमाला काय कळतं?" मॅनेजर म्हणाले, "आख्खी फौंड्री जेवू घातलीया मी. दोन पैलवान मला काय जड हायत?"

दोघांचे कपडे आणि टीव्हीतल्यासारखे मुखवटे शिवायचं काम माझ्याकडं आलं. परक्या पुरुषाची मापं मी कधी घेतली नव्हती आणि घेणारही नव्हते. ते माझ्या तोंडावरून मॅनेजरांना कळलं. "वैनी, तुम्ही आतच बसा, मी मापं आणतो," म्हणाले आणि सुतळी घेऊन गेले. पातेल्याचा घेर मोजायची त्यांची रीत होती: सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची. त्यांनी दोघा पैलवानांच्या सगळ्या गाठी एकाच सुतळीवर मारून आणल्या. छाती कुठली, मांडी कुठली, हे रस्ता ओलांडेपर्यंत त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. मी विचारलं, तेव्हा सुतळी उलटीसुलटी करून म्हणाले, "मोठी हाय ती पांढऱ्याची धरा." झालं असं, की तांबड्याच्या अंगरख्याचा गळा त्याच्या पोटापर्यंत आला आणि पांढऱ्याला मुखवटा चढेना. तो अर्धाच चढला, टोपीसारखा. मॅनेजर लांब उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "बेस हाय. तोंड दिसलं तर माणसं ओळखतील तरी." मला लाज वाटली, म्हणून मी दोन्ही अंगरख्यांना फुकटात जरीचा काठ लावून दिला.

सरावासाठी त्यांनी मागच्या अंगणात लोखंडी पाइप रोवले, काथ्याच्या गाद्या घातल्या आणि गाद्यांवर ताडपत्री ताणली. चारी बाजूंनी दोऱ्या. अशी सपाट, उन्हातली, कुत्र्यामांजरांना शिरता न येणारी जागा काकूंनी आयुष्यात बघितली नव्हती. त्यांनी तिथं चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या. सकाळी मिरच्या, संध्याकाळी पैलवान. पुढं हातकणंगल्याच्या बाजूला एका जत्रेत पहिली कुस्ती ठरली, तेव्हा तीच ताडपत्री टेम्पोत घालून नेली. मिरजेकडची जोडी समोर. घंटा झाली, चौघांच्या पायांनी ताडपत्री झटकली गेली आणि पाहुण्या जोडीला शिंका सुरू झाल्या. आमच्या दोघांना सवय होती. पाहुण्यांचे डोळे उघडेनात. त्यातला एक दोरीवरून बाहेर पडला तो थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर. पंचांनी डोळे पुसत आमच्या जोडीला विजयी केलं. मॅनेजर पळी ताटलीवर वाजवत ओरडत होते, "ह्येला म्हणत्यात ठसका!" तांबडा-पांढऱ्याचा तो पहिला विजय. दुसरा झाला नाही.

कारण पांढरा. तालमीत त्याला लहानपणापासून वस्तादांनी एकच शिकवलं होतं. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. उठायचं, समोरच्याशी हात मिळवायचा, माती कपाळाला लावायची आणि बाहेर पडायचं. या टीव्हीच्या कुस्तीत तसं नव्हतं. पाठ लागल्यावर पंच जमिनीवर हात आपटून तीन मोजतो, आणि तिसऱ्याच्या आत खांदा उचलला की कुस्ती पुढं चालू. पण पांढऱ्याची पाठ लागली रे लागली, की तो पंचाला मोजूच द्यायचा नाही. उठायचा, हात मिळवायचा, ताडपत्रीला माती नसे म्हणून नुसताच हात कपाळाला लावायचा आणि नळावर पाय धुवायला जायचा. आत तांबडा एकटा, समोर दोघं. तांबडा तिथूनच ओरडायचा, "अरे ए! मी हाय की हितं अजून!" पांढरा लांबून म्हणायचा, "लागली की पाठ, भावा. खोटं कसं बोलू?"

आणि गंमत अशी, की पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी यावर टाळ्या वाजवायची. नाटकी कुस्तीला ती नाकं मुरडत, पण पांढरा हात मिळवून निघाला की म्हणत, "ह्यो खरा पैलवान!" एका गावात तर जिंकलेली जोडी तशीच उभी राहिली आणि कमिटीनं नळावर जाऊन पांढऱ्याला फेटा बांधला. हरलेल्याला फेटे मिळायला लागल्यावर मॅनेजरांना कळेना, रागवावं की पेढे वाटावेत.

ते रागावले नाहीत. त्यांनी पांढऱ्याला ताटावर बसवून शिकवलं. मी तेव्हा काकूंकडं भाकऱ्या थापायला होते. मॅनेजर म्हणाले, "हे बघ. पाठ लागली म्हंजे काय झालं? नुसता तांबडा वाढला. एक. मग पांढरा. दोन. अजून भात यायचाय. भाताआधी पंगत उठती काय?"

पांढरा बराच वेळ ताटाकडं बघत राहिला. "न्हाय उठत."

"मग तू का उठतोस?"

"पाठ लागती म्हणून."

मॅनेजर पळीनं स्वतःच्याच कपाळावर टकटक करत म्हणाले, "वैनी, ह्येला अजून एक भाकरी द्या."

मग ती आजऱ्याकडची जत्रा आली. सांगलीचा एक माणूस असल्या जोड्यांचे खेळ गावोगाव लावायचा. त्यानं मॅनेजरांना स्पष्ट सांगितलं होतं, "तुमची जोडी चालती, पण खेळ मधेच सोडून नळावर जाणारा पैलवान मला चालत न्हाय. ह्या जत्रेत कुस्ती शेवटापर्यंत न्या. न्हेली, तर आख्खा हंगाम तुमचा. न्हाईतर मी दुसरी जोडी बघतो." काकूंनीही बजावलं होतं, की या वेळी जमलं नाही तर अंगणातले पाइप भंगारात. मॅनेजर त्या दिवशी जेवले नाहीत. टेम्पोत मी आणि काकू मागं बसलो होतो, आणि सगळ्या रस्त्यानं ते पुढून पांढऱ्याला विचारत होते, "किती मोजूस्तवर थांबायचं?" आणि पांढरा म्हणत होता, "तीन."

कुस्ती सुरू झाली. पांढऱ्यानं समोरच्या दोघांना उचलून फिरवलं, लोक खूश झाले. मग कसा कोण जाणे, त्याचा पाय घसरला आणि पाठ लागली. तो उठला. हात मिळवला. नळाकडं चालू लागला.

"तीन! अरे तीन!" मॅनेजर ओरडत होते.

"सवयीनं झालं, मॅनेजर," तो जाता जाता म्हणाला.

तांबडा एकटा लढून लढून पार दमला. डोळ्यांत घाम, मुखवटा वाकडा झालेला. तो तसाच आमच्या कोपऱ्याकडं सरकला आणि सवयीनं बाहेरच्या हातावर हात मारला. तो हात मॅनेजरांचा होता. पंच म्हणाला, "हात लागला. चला काका, आत."

तांबड्यानं मुखवटा नीट केला तेव्हा त्याला काय झालं ते दिसलं. पण मॅनेजर दोरीखालून आत शिरले होते. कोट, पळी, सगळ्यासकट. काकू टेम्पोत उभ्या राहिल्या. समोरचा पैलवान लाजून मागं सरला. "काका, बाजूला व्हा की."

"पावणं, लाजू नका," मॅनेजर म्हणाले, "हात लावा."

त्या भल्या माणसानं त्यांना उचललं आणि पाळण्यात मूल ठेवावं तसं उताणं ठेवलं. लोक उठायला लागले. म्हाताऱ्यांनी चपला शोधल्या. "झालं, चितपट!"

तेवढ्यात खालून मॅनेजरांचा आवाज आला. कँटीनमध्ये भोंगा वाजायच्या आधी माणसं उठली की यायचा, तो आवाज. "बसा की खाली! पंगत उठली न्हाय अजून! एकच झालाय!"

माणसं खरंच बसली. पंचानं दोन म्हटलं आणि मॅनेजरांनी खांदा उचलला. समोरच्यानं तो परत टेकवला. परत एक, परत दोन, परत खांदा. लोक आता त्यांच्याबरोबर मोजायला लागले. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली. नळावरून पांढरा ओल्या पायांनी पळत आला आणि दोरीला धरून वाकला.

"मॅनेजर, पाठ लागली की तुमची!"

"लागली! मग? तुझी काकू जन्मभर आटपा म्हणतीया, मी आटपलो काय?"

पांढऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. त्यानं हात आत घातला. मॅनेजरांनी सरपटत येऊन त्यावर हात मारला. पांढरा आत गेला, आणि ओला पाय ताडपत्रीवर पडताच घसरला. पाठ लागली. तो उठायला गेला, थांबला, आणि डोळे गच्च मिटून परत आडवा झाला. पंचानं हात आपटला. एक. पांढरा हलला नाही. दोन. मॅनेजर ओरडले, "खांदा! आता खांदा!" पांढरा हलला नाही. तीन.

घंटा झाली. पांढऱ्यानं डोळे उघडले, उठून बसला आणि इतक्या आनंदानं हसला, की तसं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. "थांबलो का न्हाय, मॅनेजर? तिन्ही मोजूस्तवर थांबलो!"

मॅनेजर ताडपत्रीच्या मधोमध गेले, एका हातात तांबड्याचा हात, एका हातात पांढऱ्याचा, आणि दोन्ही वर केले. जिंकल्यासारखे. पांढऱ्याचा हात नीट वर करायला त्यांना टाचा उंचावून उभं राहावं लागलं. सांगलीचा माणूस तोवर गाडीत बसला होता. त्यानं दुसरी जोडी घेतली.

येताना टेम्पोत मॅनेजर स्वतःशीच हसले. "माझंच चुकलं. थांब म्हणून शिकवलं. खांदा उचल म्हणून शिकवायचं ऱ्हायलंच की."

जोडी तिथं संपली. तांबडा टेम्पोकडं वळला, पांढरा दूध घालून झालं की तालमीत पोरांना शिकवायला लागला. काकूंनी पाइप भंगारात घातले नाहीत. म्हणाल्या, मिरच्या कुठं वाळवू?

मॅनेजरांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी सकाळची पेज घेऊन जायची. ते उताणे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला काय बोलावं ते सुचत नसे. ते ओळखून त्यांनीच मोठ्या कष्टानं शब्द जुळवले, "एकच… झालाय." पुढं दुसरा झटका आला आणि बोलणं गेलं. तेव्हा त्यांनी मला दोन बोटं दाखवली आणि अर्ध्या तोंडानं हसले. पांढरा रोज यायचा. उशाशी बसायचा आणि त्यांच्या खांद्याकडं बघत राहायचा.

यंदा, मिरच्यांच्याच दिवसांत, मॅनेजर गेले. त्यांना मागच्या अंगणात जमिनीवर ठेवलं होतं. गल्ली जमली. उचलायची वेळ झाली, तसा पांढरा पुढं आला आणि गुडघे टेकून त्यांच्या खांद्याशी बसला. त्यानं तळहात जमिनीवर आपटला. जरा थांबून परत आपटला. तिसऱ्यांदा हात वर नेला, आणि तो तसाच वर राहिला.

लांबच्या पाव्हण्यांना वाटलं, आमच्याकडची काहीतरी रीत असेल. ते हात जोडून उभे राहिले. ऊन चढत होतं. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "पैलवान, आटपा आता."

"थांबा की," पांढरा म्हणाला. त्याची नजर मॅनेजरांच्या खांद्यावरून हलली नव्हती. "पंगत उठली न्हाय अजून."

मग काकू बायकांतून उठल्या. त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. त्याचा तो वर राहिलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली आणून जमिनीवर टेकवला.

मग पांढऱ्यानं मॅनेजरांचा हात उचलून आपल्या हातात घेतला, मिळवला, आणि परत जागेवर ठेवला. जमिनीची माती बोटावर घेऊन कपाळाला लावली. उठला, आणि कुणाकडं न बघता नळाकडं चालत गेला.