मोज्यांच्या दुमडीतली चूक

फर्कर ड्यूअरनं अडतीस वर्षं खोऱ्यात टपाल वाटलं. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय हे त्याला ठाऊक होतं. पण लोक त्याला ओळखत ते मोज्यांसाठी. किल्टखाली, म्हणजे पुरुषांच्या चौकटीच्या घागऱ्याखाली, घालायचे गुडघ्यापर्यंतचे हातविणीचे मोजे, एकूण त्रेचाळीस जोड, पाइनच्या पेटीत जपून ठेवलेले. कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये दलदलीतल्या सुगंधी झुडपाच्या काड्या. काही जोड मेलेल्या म्हाताऱ्यांच्या घरून मागून आणलेले, काही लिलावात पदरात पडलेले, आणि एकवीस जोड बायकोनं, एफीनं, विणलेले.

निवडीचे त्याचे नियम पक्के होते. मोजा किल्टच्या मुख्य रंगाचा घ्यायचा नाही, त्यातल्या सगळ्यांत बारीक रेघेचा घ्यायचा. दिवसा साध्या विणीचा, चौकटींचा फक्त संध्याकाळी. दुमड गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं, तीन झाली तर माणूस आळशी. आणि पांढरे मोजे म्हणजे तर त्याच्या मस्तकात तिडीक. डोडी लोहार पोरीच्या लग्नात भाड्याचे पांढरे मोजे घालून उभा राहिला, तेव्हा फर्कर भर मांडवात म्हणाला होता, "अरेरे डोडी, दोन्ही पायांना प्लॅस्टर? पडलास तरी कुठे?" डोडी दोन महिने त्याच्याशी बोलला नाही. तोंडाचा फटकळच होता फर्कर, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी गावच्या खेळांच्या समितीनं त्याला एका दिवसाचा सरदार केलं. बॅगपाइपवाल्यांच्या मागोमाग, सगळ्या मिरवणुकीच्या पुढे, एकट्यानं चालायचा मान. आजवर तो जमीनदारांना नाहीतर निवृत्त कर्नलना मिळत आलेला. जानेवारीत एफीला पक्षाघाताचा झटका आला होता. डावा हात गेल्यासारखाच झाला होता. पण ही बातमी ऐकून तिनं सुया मागितल्या.

"तुझ्या किल्टमध्ये जांभळट रेघ आहे ना, त्या रंगाची लोकर आण," ती म्हणाली. "सरदार माझ्याच मोज्यांत चालणार."

सात महिने ती विणत होती. आधी दिवसाला एक ओळ, मग चार, शेवटी दहा. फर्कर चहा ठेवायचा, ओटकेकवर चीज ठेवून द्यायचा आणि शेजारी बसून लोकरीचा गुंडा धरायचा. शेजारपाजारचे येत आणि म्हणत, "वा एफी, किती छान!" अगदी बालवाडीतल्या पोरीला म्हणावं तसं. एफी मान हलवायची.

खेळांच्या दिवशी सकाळी नऊला त्यानं ते मोजे चढवले. पाय अगदी बेताचा, टाच नेमकी जागेवर. त्यानं वरची दुमड खाली घेतली.

नक्षीची सुलट बाजू आत गेली होती. बाहेर दिसत होते ते मागचे लोंबते धागे. मोजा वरून खाली विणत येतात. दुमड आधी होते, आणि ती संपली की विणकाम आतलं बाहेर उलटून मग पाय विणायला घ्यायचा, म्हणजे दुमडल्यावर नक्षी वर येते. हे उलटवायला नवशिक्या पोरी विसरतात. एफी विसरली होती, दोन्ही पायांना.

"कसे झालेत?" खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या एफीनं विचारलं.

"झकास," फर्कर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मोज्यांबाबत तो खोटं बोलला. असेच घालून जायचं, हसतील ते हसोत, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"उजेडात ये."

तो गेला. तिनं बराच वेळ त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं.

"डोडी असे घालून आला असता, तर काय म्हणाला असतास?"

"एफी, जाऊ दे ना..."

"काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, मांजरानं विणले का रे?"

"मग मला का नाही म्हणालास?" तिचा आवाज चढला. "ते सगळे वा वा करतात, ते मी सोसते. त्यांना सुईतलं कळत नाही. पण तूसुद्धा? मी काय लाड करायची म्हातारी झाले? काढ ते! माझी चूक सगळ्या खोऱ्याला दाखवत फिरणार आहेस?"

फर्करला मनापासून लाज वाटली. त्यानं मोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले.

"पेटीत तळाशी शेवाळी जोड आहे. टाचेला रफू केलेला," ती म्हणाली. "तो घाल. आणि कात्री दे इकडे."

डोडीनं आपल्या गाडीतून दोघांना मैदानावर नेलं. शेवाळी जोडात फर्कर मिरवणुकीच्या पुढे चालला. चाल ताठ होती, पण लक्ष दोरीपलीकडच्या खुर्चीकडे. एफीनं दुमड कापून वेगळी केली होती, पायाचे टाके सुईवर उचलले होते आणि आता वरच्या दिशेनं नवी दुमड विणत होती. समोर ओंडके फेकणारे गडी घामाघूम झाले होते, पण तिनं मान वर केली नाही.

मिरवणूक आटोपून तो आला तेव्हा एका मोज्याची बोटभर दुमड झाली होती. डोडी हातात ब्रायडी, खिम्याची करंजी, घेऊन शेजारी उभा होता.

"वा एफी, अगदी दुकानातली वाटतेय!" डोडी म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोजा फर्करसमोर धरला. "तू सांग."

फर्करनं चष्मा लावला. दुमड उलटसुलट करून पाहिली. नक्षी या वेळी बरोबर बाजूला होती. मग त्याचं बोट थांबलं. त्यानं एकदा तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"वरून तिसऱ्या फेरीत टाका निसटलाय," तो म्हणाला.

"अरे माणूस आहेस की कोण?" डोडी ओरडला. "या अवस्थेत तिला असं बोलतात?"

"गप रे," एफी म्हणाली. तिनं सुई काढली आणि तीन फेऱ्या सर्रकन उसवल्या. सात महिन्यांत ती पहिल्यांदाच मोकळेपणानं हसत होती.

"निसटला नव्हता, मीच सोडला होता," ती फर्करला म्हणाली. "म्हटलं, पुन्हा खोटं बोलतोस का बघू. बस आता, लोकर धर."